आईला रात्रभर पाठ टेकता यावी म्हणून

परतीचं विमान रात्रीचं होतं, आणि सगळा प्रश्न तिथूनच सुरू झाला. मुंबईहून लंडनला जाताना आमचं विमान दुपारी निघालं होतं. बाहेर उजेड होता, आई जागी होती, दर तासा-दीड तासाला तिला उठवून मी मागच्या पॅन्ट्रीपर्यंत चालवून आणत होते. तरी हीथ्रोला उतरेपर्यंत तिचे पाय इतके सुजले की बुटांच्या नाड्या पूर्ण सोडाव्या लागल्या. तिची सत्तरी उलटली आहे आणि गेल्या वर्षी दोन्ही गुडघे बदलले आहेत. परत येताना रात्री साडेनऊच्या सुमाराला हीथ्रोहून निघून दुसऱ्या दिवशी दुपारच्या तोंडावर मुंबईत उतरायचं होतं, म्हणजे सगळी रात्र खुर्चीत बसून काढायची.

ताई लंडनमधल्या हॅरोला राहते. आम्ही पोचलो त्या संध्याकाळी आईचे पाय बघून ती म्हणाली, "परत जाताना आईला बिझनेस क्लासनं पाठवायचं. पैसे मी भरते." मी म्हटलं, अर्धे माझे. आईला आम्ही त्या दिवशी काही सांगितलं नाही.

आधी पुण्याला तिच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली, ती इथे आवर्जून लिहिते. लांबच्या प्रवासात पायांच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याची भीती असते, ती एका जागी न हलता बसून राहिल्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावर अभ्यास करून २००७ साली निष्कर्ष दिला होता, की चार तासांहून लांबच्या प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसाच्या बाबतीत तो सहा हजारांत एक इतका असतो. महाग सीट घेतली म्हणून तो धोका जात नाही. आडवं पडूनही माणूस तासन्‌तास हलला नाही तर उपयोग नाही. पाणी पीत राहायचं, पाऊल वर-खाली करायचं, सांगितलेले घट्ट मोजे घालायचे, हे कुठल्याही वर्गात करायचंच. मग बिझनेस क्लास कशासाठी? तर पाय लांब सोडायला, गुडघा सरळ ठेवायला आणि पाठ टेकायला. इकॉनॉमीत पुढच्या खुर्चीपर्यंतचं अंतर साधारण एकतीस-बत्तीस इंच असतं. आईच्या गुडघ्यांना तेवढ्यात रात्रभर दुमडून राहावं लागलं असतं. हे एकदा नीट कळल्यावर आमच्या डोक्यातला गोंधळ संपला. शॅम्पेन, काचेचे ग्लास, लाउंज यातलं आम्हाला काहीही नको होतं. नऊ तास आडवं होता यावं, एवढ्याचेच पैसे द्यायचे होते. पुढचा प्रत्येक निर्णय आम्ही याच एका प्रश्नावर तपासला.

वरच्या वर्गात जायचे रस्ते तीन-चार असतात आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा. पहिला सरळ रस्ता म्हणजे तिकीटच बदलून घ्यायचं. त्या दिवशी बिझनेसचं जे भाडं चालू असेल त्यातून आपण भरलेलं वजा करायचं, वर बदलाचं शुल्क. विमान कंपनीच्या फोनवर विचारलं तेव्हा हा आकडा सतराशे पौंडांच्या पुढे निघाला. एकट्या आईचा. मात्र हे खरंखुरं बिझनेसचं तिकीट असतं. सामान, माइल्स (प्रवास केला की कंपनी खात्यात जमा करते ते गुण), रद्द करण्याच्या अटी, सगळं त्या वर्गाचं मिळतं. दुसरा रस्ता माइल्सचा, पण आमच्या खात्यात माइल्स नव्हतेच. तिसरा म्हणजे बोली, वरच्या वर्गातल्या उरलेल्या सीटसाठी आपण किती देऊ ते आपणच सांगायचं. चौथा म्हणजे प्रवासाच्या तोंडावर कंपनी ॲपमध्ये किंवा चेक-इनच्या काउंटरवर ठरावीक किमतीला उरलेल्या सीट विकते तो.

बोलीचं मला आधी नवल वाटलं होतं. आता ही सर्रास चालणारी पद्धत आहे. कॅनडातल्या मॉन्ट्रियलची प्लसग्रेड नावाची कंपनी अनेक विमान कंपन्यांसाठी ही यंत्रणा चालवते. आपल्याला ईमेल येतो, त्यातल्या पानावर एक सरकपट्टी असते, कमीत कमी आणि जास्तीत जास्त रक्कम ठरलेली असते. आपण पट्टी सरकवली की शेजारचा काटा आपली बोली कमकुवत आहे की भक्कम ते दाखवतो. कार्डाचा तपशील तेव्हाच द्यायचा, पैसे मात्र बोली स्वीकारली तरच कापले जातात. प्रवासाच्या काही दिवस आधीपर्यंत बोली वाढवता येते, मागेही घेता येते. स्वीकारली गेली की मात्र संपलं, मग पैसे परत नाहीत.

तळाची मर्यादा का असते, हे समजलं की किती बोली लावायची याचा अंदाज येतो. विमानाचं दार बंद झालं की रिकाम्या सीटची किंमत शून्य. म्हणून कंपनीला ती विकायची घाई असते. पण फार स्वस्तात विकली तर पूर्ण पैसे भरणारे लोकही पुढच्या वेळी थांबून बघतील. या दोन भीतींच्या मधे तो आकडा ठरतो. सीटच्या नकाशात रिकाम्या जागा दिसतात म्हणून त्या शिल्लक असतीलच असंही नाही. पुष्कळ लोकांनी सीट निवडलेली नसते, काही सीट कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीसाठी राखून ठेवलेल्या असतात. इकॉनॉमीत क्षमतेपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली असली तर शेवटच्या क्षणी कंपनी आपल्या नेहमीच्या प्रवाशांना फुकट वर बसवते, त्यातही जागा जातात.

आमची पहिली अडचण त्याआधीच आली. कुठलं तिकीट वर नेता येतं आणि कुठलं नाही, हे तिकिटावरच्या एका अक्षरावर ठरतं. इकॉनॉमीच्या आतही डझनभर भाडी असतात आणि प्रत्येकाला एक अक्षर असतं. 'वाय' म्हणजे पूर्ण भाड्याची इकॉनॉमी, 'जे', 'सी', 'डी' ही बहुधा बिझनेसची. अगदी तळाच्या सवलतीच्या भाड्यांना आणि ग्रुपच्या तिकिटांना बऱ्याच कंपन्या अपग्रेड देतच नाहीत. तिकिटावर नाव एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं असेल, तरीही बहुतेक वेळा दार बंद. आमचं अक्षर चालणारं होतं, विमानही त्याच कंपनीचं होतं. पण तिकीट पुण्याच्या एजंटकडून काढलेलं, आणि आई आणि मी दोघी एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर.

बोली पूर्ण पीएनआरवर लागते. म्हणजे दोघींसाठी, आणि रक्कम माणशी. एकीसाठी लावायची सोयच नाही. आम्हाला फक्त आईला वर पाठवायचं होतं, तेव्हा आधी पीएनआर फोडून दोन करायला हवे होते. कंपनीला फोन केला तर तिथली बाई म्हणाली, तिकीट एजंटचं आहे, त्यांनाच सांगा. एजंट म्हणाला, हे कंपनीचं काम, आमच्याकडे तसा पर्याय नाही. हे बरेच दिवस चाललं. पुण्यातली दुकानं उघडायची तेव्हा लंडनमध्ये पहाट असायची, आणि ताई कामावर निघायच्या आधी उठून फोन लावत बसायची. मला या प्रकाराचा खरोखर संताप आला. ज्याने पैसे घेतलेत त्याच्याकडेच माणूस मदतीसाठी जाणार ना? शेवटी मी एजंटला ईमेल लिहिला, दोन्ही तिकिटांचे क्रमांक दिले, 'आईचं नाव वेगळ्या पीएनआरवर काढून द्या, तिकीट आहे तेच राहू दे' असं एका वाक्यात मागितलं आणि लेखी उत्तर मागितलं. दुसऱ्याच दिवशी काम झालं. लेखी मागण्यात जोर असतो.

फोडल्यावर लगेच कंपनीला फोन करून दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडल्याची नोंद करून घेतली, म्हणजे कर्मचाऱ्यांना कळावं की या बाईंची मुलगी याच विमानात मागे बसली आहे. व्हीलचेअरची नोंदही पुन्हा तपासली. तीन प्रकार असतात, हे मला तेव्हा कळलं. 'डब्ल्यूसीएचआर' म्हणजे जिने चढता येतात, पण लांब चालवत नाही. 'डब्ल्यूसीएचएस' म्हणजे जिने चढता येत नाहीत. 'डब्ल्यूसीएचसी' म्हणजे सीटपर्यंतही नेऊन सोडावं लागतं. आईला दुसरा हवा होता, नोंद पहिल्याची होती. पीएनआर फोडणं, वर्ग बदलणं अशा वेळी असल्या नोंदी गळून पडतात. शाकाहारी जेवण, व्हीलचेअर, सीट हे सगळं प्रत्येक बदलानंतर पुन्हा पाहायचं.

मग ताईने कराचा मुद्दा काढला. ब्रिटनमधून उडणाऱ्या प्रत्येक प्रवाशावर तिथलं सरकार एक प्रवासी कर घेतं आणि तो वर्गाप्रमाणे बदलतो. १ एप्रिल २०२५ पासून भारताएवढ्या अंतरासाठी सगळ्यात खालच्या वर्गाला ९० पौंड होते आणि त्यावरच्या वर्गांना २१६. प्रीमियम इकॉनॉमीलाही २१६च! मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण तोवर आम्ही मधला मार्ग म्हणून प्रीमियम इकॉनॉमीचा विचार करत होतो. थोडी रुंद खुर्ची, थोडी जास्त जागा, पण पाठ टेकता येत नाही ती नाहीच, आणि कर मात्र बिझनेसएवढा. तो विचार आम्ही तिथेच सोडला. बोलीच्या रकमेत कराचा फरक धरलाय की वर लागणार, हे अटींमध्ये वाचावं लागतं. आमच्या अटींत तो धरलेला होता. भारतातून तिकीट काढतानाही असाच फरक पडतो. इकॉनॉमीवर जीएसटी ५ टक्के, त्यावरच्या वर्गांवर आधी १२ होता तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला.

बोली लावायच्या आधी मी विमानाचा प्रकार पाहिला, आणि हे सगळ्यांनी करावं असं कळकळीने सांगते. बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारी सीट ब्रिटिश एअरवेजने २००० साली आणली आणि पुढे लांबच्या प्रवासात ती सगळीकडे पसरली, पण जुन्या विमानांत अजून दोन-दोन किंवा दोन-तीन-दोन अशा रांगा आहेत. खिडकीजवळ बसलेल्या माणसाला शेजारच्याचे पाय ओलांडून बाहेर यावं लागतं. बदललेल्या गुडघ्यांना ते कसं जमायचं? आमच्या विमानात एक-दोन-एक अशी मांडणी होती, प्रत्येक सीटला स्वतःची वाट. आणखी एक बारीक गोष्ट. या सीट सपाट झाल्या की पाय पुढच्या सीटखालच्या एका खोबणीत जातात, आणि मधल्या रांगांमध्ये ती खोबण अरुंद असते. कूस बदलताना पाय अडकतो. सगळ्यात पुढच्या, भिंतीसमोरच्या रांगेत ती रुंद असते. आईला हवी होती ती तीच.

बोली आम्ही तळापेक्षा थोडी वर लावली, काटा पिवळ्यावर होता. प्रवासाच्या दोन दिवस आधी ईमेल आला की स्वीकारली गेली नाही. ताईचा चेहरा उतरला. पण मला अजून आशा होती, कारण बोली हुकली तरी ॲपमधला रस्ता उघडाच असतो. चोवीस तास आधी ऑनलाइन चेक-इन सुरू झालं तेव्हा मी ॲप उघडून बसले होते. आईच्या नावापुढे किंमत आली, सहाशे पौंडांच्या थोडी वर. आमच्या बोलीपेक्षा जास्त, पण तिकीट बदलण्याच्या निम्म्याहूनही कमी. पैसे भरायच्या आधी सीटचा नकाशा बघितला. पहिल्या रांगेतली खिडकी मोकळी होती.

इथे आईला सांगणं भाग होतं. रुपयांत हिशोब केला तर सत्तर हजारांच्या वर जात होता.

"एका रात्रीचे सत्तर हजार?" आई म्हणाली. "तुमच्या बाबांनी पूर्ण वर्षाचा संसार याहून कमी पैशांत केलाय."

ताई म्हणाली, "आई, तू इकडे आल्यावर दोन दिवस पलंगावरून उठली नाहीस. पुण्यात गेल्यावर दिवाळी आहे. तू दिवाळी पलंगावर काढणार का?"

आई गप्प राहिली. मग तिने एकच विचारलं, "आणि ही कुठे बसणार?" मी म्हटलं, मी मागे, आणि मला काहीही त्रास नाही. खरंच नव्हता. माझे गुडघे धड आहेत. तिला ते पटायला वेळ लागला, पण ती हो म्हणाली आणि ताईने लगेच पैसे भरले. इंग्लंडचं कार्ड वापरलं, कारण आपल्या कार्डावर परकीय चलनाचं वरचं शुल्क लागतं. कार्डाचा मालक प्रवास करत नसेल तर काही कंपन्या विमानतळावर विचारणा करतात, म्हणून ताई पोचवायला आली तेव्हा कार्ड बरोबर घेऊन आली. कुणी विचारलं नाही.

असं अपग्रेड घेतल्यावर मूळ तिकीट बहुधा तसंच राहतं आणि वरच्या रकमेची ईएमडी नावाची वेगळी पावती मिळते. तिचा क्रमांक जपून ठेवायचा. सामानाची मर्यादा आईची इकॉनॉमीचीच राहिली, माइल्सही तेवढेच. आम्हाला त्याचं काही नव्हतं, पण ज्यांना जास्तीच्या बॅगा न्यायच्या आहेत त्यांनी हे आधी वाचावं. विमान ऐनवेळी बदललं आणि खालच्या वर्गात बसवलं तर काय, हेही ताईने शोधून ठेवलं होतं. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे साडेतीन हजार किलोमीटरहून लांबच्या प्रवासात तिकिटाच्या किमतीच्या ७५ टक्के परतावा सात दिवसांत द्यावा लागतो. आपल्याकडच्या विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएनेही फेब्रुवारी २०२३ पासून तसाच नियम केला आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतरानुसार ३०, ५० किंवा ७५ टक्के.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही त्या सीटचा व्हिडिओ टीव्हीवर लावून आईला तीन बटणं शिकवली. झोपायचं, उठून बसायचं आणि मदतीला बोलावायचं. चौथं काहीही शिकवलं नाही. दुसरं सांगितलं ते पट्ट्याचं. झोपताना पट्टा पांघरुणाच्या वरून लावायचा, म्हणजे हवा खराब झाली तर पट्टा बघायला कुणी उठवत नाही. औषधांची पिशवी आणि चष्मा सीटजवळच्या कप्प्यात, वरच्या कपाटात काही नाही.

हीथ्रोवर व्हीलचेअरवाल्या दादांनी आम्हा दोघींना बरोबरच नेलं. लाउंजमध्ये आईला प्रवेश होता, मला नव्हता. तिला एकटीला तिथे बसायचं नव्हतं, मग आम्ही गेटवरच बसलो आणि ताईने दिलेले पराठे खाल्ले. विमानात शिरताना मी एअर होस्टेसला माझा सीट क्रमांक सांगितला. तिने तो कागदावर लिहून घेतला आणि म्हणाली, काही लागलं तर मीच तुम्हाला बोलवायला येईन. इकॉनॉमीतल्या माणसाला पुढे जाऊ देत नाहीत. पण मध्यरात्री मी परवानगी मागितली तेव्हा तीच मला घेऊन गेली. आई कुशीवर झोपली होती, दोन गुडघ्यांच्या मधे उशी, पाय सरळ. मोजे घातलेले होते. मी तिला उठवून थोडं चालवलं, पाणी दिलं, परत झोपवलं. घरी ती रात्रीतून दोनदा उठते, इथे त्याहून जास्त वेळा तिला उठावं लागलं नाही.

मुंबईत उतरल्यावर बूट घालताना नाड्या नेहमीच्या जागी बांधल्या गेल्या. घोट्यावर थोडी सूज होती, ती पुण्याला पोचून पाय उंच करून झोपल्यावर दुसऱ्या दिवशी उतरली. दिवाळीत चकलीचं पीठ तिने स्वतः भिजवलं, ओट्यापाशी उभं राहून.

आता मावशी आणि काका दुबईमार्गे लंडनला जाणार आहेत, आणि आईनेच मला त्यांच्या तिकिटाचं बघायला बसवलं आहे. मावशीला पाठीचं दुखणं आहे, काका ठणठणीत. दोघांचे पीएनआर सुरुवातीपासून वेगळे काढले आहेत आणि तिकीट थेट कंपनीकडून. जातानाचा प्रवास दिवसाचा आहे, तिथे काही करायचं नाही. येताना बोली प्रत्येक टप्प्यावर वेगळी लावता येते, तेव्हा लंडन-दुबईच्या रात्रीच्या सात तासांसाठीच लावायची. दुबई-मुंबईच्या तीन तासांसाठी नाही.